चालत्या मशीनमधला हात

काशिनाथकाकांसमोर बाहीचा धागा लोंबत असलेला सदरा घालून कुणी फार वेळ उभं राहू शकत नसे. बोलता बोलता ते तो धागा चिमटीत धरत, नजर समोरच्याच्या तोंडावरच ठेवून त्याला गाठ मारत आणि उरलेलं टोक दाताने तोडत. म्हणत, "तुटला तं तुटला, लोंबता ठेवू न्हाय."

कामतघरच्या चाळीत ते आमच्या शेजारच्या खोलीत राहत. मूळचे पडघ्याकडचे शेतकरी, पण वीस वर्षं कापडाच्या कारखान्यात, लूमवर तुटलेले धागे जोडण्यात काढलेली. मी मॅट्रिक झाल्यावर वडील मला कारखान्यात लावायला निघाले, तेव्हा काका दारात आडवे उभे राहिले. "दादा, तुमच्या घरातला एक हात तरी कागदावर राहू दे." म्हणून मी कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यातला पहिलाच.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना चालत्या लूमच्या पट्ट्याने त्यांचा उजवा हात ओढून घेतला. दंडाचं हाड जुळलं, पण मनगट खाली पडलं ते वर उचलेना. गाठ मारता येईना. शेठनी त्यांचे लूम दिवाळीपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं. ठाण्याच्या एका इस्पितळात विजेने स्नायू हलवून व्यायाम देत. आठवड्यातून तीनदा मी त्यांना एसटीने तिथे नेऊ लागलो.

पहिल्या दिवशी काका रबरी चपला काढायला तयार होईनात. "करंटला चिकटलेला माणूस मी पाह्यलाय, बाई." उपचार करणाऱ्या बाई हसल्या, त्यांनी हातावर ओल्या पट्ट्या बांधल्या आणि शेजारच्या विजेच्या पेटीचं बटण फिरवलं. मनगट आपोआप वर आलं. "उठला रं! माझा हात उठला!" काका ओरडले. परतताना एसटीतल्या अनोळखी माणसांनाही त्यांनी हे सांगितलं.

पण घरी आलं की हात पुन्हा लोंबे. महिना गेला, दीड महिना गेला. कारखान्यातले सोबती चिडवत, "चाचा, हाथ में मोटर बिठा ली? स्विच किधर है?" काका आधी हसत. मग त्यांनी त्या गल्लीने जाणंच सोडलं. एका सकाळी म्हणाले, "मी न्हाय येत आता. ती पेटी हाताला नाचवते. नाच तिचा, माझं त्यात काय हाय?"

मी एकटाच बाईंना जाऊन भेटलो. त्या म्हणाल्या, "करंट लागला की तुम्हीही मनगट उचला, असं मी रोज सांगते. ते मान डोलावतात आणि नुसते बघत बसतात. तुम्ही शेजारीच असता ना?"

मी शेजारीच असे. परीक्षेचं पुस्तक वाचत.

घरी येऊन काकांना विचारलं, तर त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट उचलून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "मशीन चालू असताना हात घालायचा न्हाय. वीस वर्षं नव्या पोरांना हेच शिकवलं. मी एकदाच मोडलं. बघतोस ना काय झालं?"

"काका, इथे हात घालायचाच आहे."

ते पुन्हा आले. करंट लागला की दात आवळून मनगट उचलत, कपाळावर घाम येई. मी पुस्तक पिशवीत ठेवून दर वेळी "उचला" म्हणे. दिवाळीपर्यंत मनगट पेटीशिवाय थोडं वर येऊ लागलं, पण बोटांची चपळाई परतली नाही. लूम दुसऱ्याला गेले. काका त्याच कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "या पोरानं माझा हात उठवला." मला तो दीड महिना आठवे.

पुढे मला जव्हारकडे शिक्षकाची नोकरी लागली. काका स्टँडवर पोचवायला आले. माझ्या नव्या सदऱ्याच्या बाहीला धागा लोंबत होता.

"थांब. हालू नको."

दोनदा धागा निसटला. मदतीला आलेला स्वतःचाच डावा हात त्यांनी मागे घेतला. कंडक्टरने घंटी दिली.

"राहू द्या काका, मी बघतो नंतर."

"लोंबता ठेवू न्हाय."

तिसऱ्यांदा गाठ बसली. सैल, वाकडी. लूमवर पहिल्याच झटक्याला सुटली असती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. त्यांनी टोक दाताने तोडलं आणि हात खिशात घातला.