टोपीवाल्याकडची भाऊबीज

माझ्या भावाचं तोंड उघडत नाही, हे मला टॅको खाताना कळलं.

आज दादाला जाऊन वर्ष झालं. फोटो टाकणार नाही. शेवटचे फोटो त्याला आवडले नसते, आणि आधीच्या प्रत्येक फोटोत त्याचा एक गाल फुगलेला आहे.
सुपारी-तंबाखूचा घोटलेला खर्रा. दुसरं काय.

दादा मूर्तिजापूरजवळ आमची भाजीपाल्याची शेती बघायचा. भाऊबीजेला अमरावतीला माझ्याकडे यायचा.
ओवाळून झालं की म्हणायचा, "साडी काय देऊ तुले? कपाट भरून हाये तुहं. चाल बेबी, टोपीवाल्याकडे."

टोपीवाला म्हणजे राजापेठच्या गल्लीतलं आमचं मेक्सिकन हॉटेल. चार टेबलं, भिंतीवर निवडुंगाचं चित्र आणि खिळ्याला टांगलेली ही मोठी टोपी.

पहिल्यांदा आला तेव्हा मेन्यू ऐकून म्हणाला, "मक्याची भाकर, राजमा अन् टमाट्याची चटनी. मंग याले परदेशी कावून म्हनतेत?"
पण आवडायचं त्याला. टॅको, म्हणजे ती दुमडून भरलेली भाकर, उचलायचा आणि दोन घासांत संपवायचा.

मग एका भाऊबीजेला त्यानं टॅको फोडून ताटलीत पसरला आणि चमच्यानं खायला लागला.
"काय रे, लहान पोरासारखा?"
"सांडते ते, शर्टावर."

सांडायची फिकीर, आणि दादाला! शेतातून आल्या शर्टानं लग्नाच्या पंगतीत बसणारा माणूस तो.
मी म्हटलं, आ कर.
केला. चमचा जेमतेम जाईल एवढाच.

दुसऱ्या दिवशी ओढत डेंटिस्टकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, खर्र्यानं गाल आतून आखडलेत, आजच सोडा, नाहीतर पुढे कॅन्सर आहे.
दादा "हो साहेब" म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला होता, असं मला अजून वाटतं.

पुढच्या भाऊबीजेला मी निरांजन हातात धरून अडून बसले.
"मले यंदा काहीच नको. ओवाळनीत तुहा खर्रा टाक."
त्यानं खिशातली खर्र्याची पन्नी काढली आणि ताटात ठेवली. मला रडूच आलं.

संध्याकाळी हॉटेलसमोर मला उतरवलं, गाडी लावून येतो म्हणाला, आणि आला तो गाल फुगवून.
"दादा, ओवाळनी देल्ली होती ना मले?"
"देल्ली ना बाई. तो तुहाच हाये. हा दुसरा हाये."
मला हसू आलं. संताप आला. आणि भीती वाटली.

सगळं करून पाहिलं. भांडले, अबोला धरला, पोरांची शपथ घातली.
गावातल्या टपरीवाल्याच्या पायासुद्धा पडले. तो म्हणाला, "ताई, मी नाही देल्ला तं तो अकोल्याहून आनते."
बंदी आहे म्हणे खर्र्यावर.

मग गालात जखम. अकोल्याला ऑपरेशन. अर्धा जबडा गेला, जेवणासाठी नाकात नळी आली.

तरी त्या शेवटच्या भाऊबीजेला आला. बोलता येत नव्हतं. मोबाइलवर लिहून दाखवलं, "टोपीवाल्याकडे चाल."
मी नको नको म्हटलं. ऐकतो का तो कोणाचं.

एकच टॅको मागवला. दादानं ताटली माझ्याकडे सरकवली आणि लिहिलं, "तू खाय. मी पायतो."

मी खाल्लं. चटणी हनुवटीवर ओघळली.
लाळ पुसायला त्याच्या गळ्यात कायम नॅपकिन असायचा. त्यानं त्याचं कोरडं टोक शोधलं आणि माझी हनुवटी पुसली.
मग लिहिलं, "अजून एक मागव."

मागवला. तोही खाल्ला.
त्याच्यासाठी करता येण्यासारखं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

दादा, आज सगळे तुला भावपूर्ण श्रद्धांजली लिहितील.
माझी रागानं भरलेली आहे. तशीच घे.