जरासं म्हणजे किती

माझी आत्या पडद्यांच्या कारखान्यात कापड कापते. बावीस वर्षं तिच्या हातात एकच कात्री आहे. घरी ती जुन्या फडक्यात गुंडाळलेली असते. दुधाची पिशवी कापायला कुणी तिला हात लावलाच, तर आत्या अशी बघते की दूध तिथल्या तिथे नासावं.

शिवलेलं उसवता येतं, कापलेलं जोडता येत नाही, असं ती म्हणते. तिच्या मॅनेजरांच्या बोलण्यात मात्र इंच कधी येत नाहीत. ते दारात उभे राहतात, हात हवेत कुठेतरी धरतात, "इथपर्यंत, आणि जरासं खाली," म्हणतात आणि जातात. बायकांनी त्यांचं नावच जरासंसाहेब ठेवलंय.

एकदा एका दवाखान्याचे पडदे या हिशेबाने कापले, तर ते जमिनीवर वीतभर लोळले. "आता केर काढायला माणूस नको," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. साहेबांना हसू आलं नाही. "पुन्हा असं झालं तर कात्री खाली ठेवायची आणि घड्या घालायच्या टेबलावर बसायचं," त्यांनी आत्याला बजावलं.

महिन्याभरात वाचनालयाच्या अकरा खिडक्यांचं काम आलं, खिडकीला दोन पडदे. जाड हिरवं कापड, त्या रंगातलं शेवटचं. खिडक्यांची मापं कागदावर होती, खिडक्यांखाली पुस्तकांची कपाटं आहेत हेही होतं. खाली किती सोडायचं, ते नव्हतं. साहेब दारात आले, हात कमरेपाशी धरला. "खिडकीखाली जरासे येऊ देत." आणि गेले.

मी तेव्हा शिकायला आत्याकडे राहत होते. संध्याकाळी ती ताटावर नुसती बसून होती.

"अगं, सरळ विचार की," आतोबा म्हणाले. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?"

"अहो, बावीस वर्षांनी विचारायचं? म्हणजे मला काही येत नाही, हे आपल्याच तोंडाने सांगायचं!"

"मग बावीस पडदे सांगतील. तोंड तरी एकच आहे."

आत्या हसली नाही. पण जेवली.

दुसऱ्या दिवशीचं मी तिच्याकडून आणि शिलाईवाल्या बायकांकडून इतक्यांदा ऐकलंय की मी तिथे नव्हते हे आता मलाच खरं वाटत नाही. साहेब दारात येताच आत्या खडू घेऊन उठली.

"साहेब, खाली किती सोडू?"

"काल सांगितलं ना! इतकी वर्षं झाली, अजून कळत नाही?"

"कळतं म्हणूनच विचारते. हात धरा बघू तसाच."

साहेबांनी हात धरला. तिने भिंतीवर रेघ ओढली. "आता खाली घ्या. पुन्हा धरा."

दुसरी रेघ पहिलीच्या चार बोटं वर आली. तिसरी दोन्हींच्या खाली. एकेक करत शिलाईची यंत्रं थांबली.

"यातली कुठली कापू?"

साहेब रेघांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "खरं सांगू का बाई? त्यांनी मला फोनवर सांगितलं. जरासे खाली, एवढंच."

"फोनवर? मग हा हात कुणाचा?"

"माझाच," साहेब म्हणाले.

कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं. आत्या हसली नाही. "लावा फोन," ती म्हणाली.

पलीकडून ग्रंथपालबाई म्हणाल्या, "जरासे म्हणजे... थांबा हं, शिपायाला विचारते." शिपाई म्हणाला, चार बोटं. आत्याने फोन साहेबांच्या हातातून घेतला. "बोटं जपून ठेवा, दादा. टेप आहे का? खिडकीखालचं कपाट उघडताना पडदा आड येऊ नये, एवढं बघून इंच सांगा."

सहा इंच. तिने ते कागदावर लिहिलं आणि कागद साहेबांपुढे धरला. त्यांनी निमूट सही केली.

मग कात्री चालली. साहेब दारातच उभे होते. एकदा त्यांचा हात वर आला, "जरासं..." म्हणाले, भिंतीकडे बघितलं आणि हात खिशात घातला.

आठवड्याने पडदे लागले. कपाटं उघडत होती. त्या संध्याकाळी आत्याने घरी येऊन फडकं सोडलं, कात्रीला तेलाचं बोट लावलं आणि पुन्हा गुंडाळली. आतोबांनी चहा टाकला होता.

"साखर किती घालू?"

"जराशी," आत्या म्हणाली.

आतोबांनी गॅस बारीक केला आणि खडू शोधायला उठले.