गढीची चौथी बाजू

समुद्रपूरहून येणारी एसटी गावात शिरली की आधी गढीचा मातीचा उंचवटा दिसतो. पेंढाऱ्यांच्या धाकाच्या काळात धान्य आणि गुरं आत घेता यावीत म्हणून ती बांधली, असं गावात सांगतात. भोवती खंदक खणला आणि त्यातून निघालेल्या मातीचीच गढी उभी केली. त्या खंदकात आता गाळ आहे, आणि गाळात आमची वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, होतो.

गेल्या माघात मी टेप घेऊन खंदक मोजला. मोजल्याशिवाय मला पटत नाही. उत्तरेला २१२ फूट, पश्चिमेला १९८, दक्षिणेला २०९. रुंदी अठ्ठावीस. पूर्वेला आमचं हरभऱ्याचं सपाट शेत. वहीत लिहिलं, खंदक तीन बाजूंनी.

"चार," बांधावर बसलेले बाबा म्हणाले. "तिकडूनबी होता. माह्या बापानं आन् मी बुजवला, गढीचीच माती बैलबंडीनं आणून."

"बाबा, तिकडं काईच नाई."

"मंग मी भुललो म्हण."

वर्षभर आम्ही त्यांना हेच सांगत होतो. चष्मा तिथं नव्हता, गोळी घेऊन झाली, तो माणूस कधीच वारला. दर वेळी आमचं बरोबर निघायचं आणि ते आणखी कमी बोलायचे. त्या कमी होत चाललेल्या बोलण्याचीच मला धास्ती होती.

तीन आठवड्यांनी पिपरी मेघेहून, माझ्या घरून, पुन्हा गावी गेलो. हरभरा वाळत आला होता. बाबांना हात धरून गढीवर चढवलं. खाली पिवळ्या शेतात एक हिरवागार सरळ पट्टा होता, दोन्हीकडच्या खंदकांना नेमका जोडणारा. भरावाच्या मातीत ओल टिकली होती.

बाबा म्हणाले, "टेप आणली काय?"

खाली उतरून एक टोक त्यांनी धरलं. पट्ट्याची रुंदी साडेसत्तावीस फूट.

"अर्धा फूट कमी भरला, बाबा."

"काऊन कमी? तुह्या टेपले इचार."

मी वहीतल्या तीनवर काट मारून चार लिहिलं. त्यांनी वही मागून घेतली आणि आकडा पाहिला. मग हिरव्या पट्ट्यातले ओले घाटे तोडून माझ्या पिशवीत भरले.

"सुनेले सांगजो, हे चौथ्या बाजूचे हायेत."

एसटी येईपर्यंत ते त्या बंडीच्या बैलांबद्दल बोलत होते. मी एकदाही टोकलं नाही.