सोनारीच्या रांजणाखालची फिल्म

घरातली पहिली पदवी माझी. तो कागद आईनं पेटीत, साड्यांच्या तळाशी ठेवला. आणि दिवाळीत मृणालनं काढलेला आईचा हसरा फोटो मात्र शोकेसच्या काचेत! येईल त्याला सांगते, "मृणालनं काढलाय. लगेच बाहेर आला."

मृणाल माझी कॉलेजची मैत्रीण, तुळजापूरच्या एका गुरुजींची मुलगी. तिच्या झटपट कॅमेऱ्याची फिल्म बेंगळुरूचा मामा पाठवतो. माझाही झटपटच, पण जुन्या पद्धतीचा, सोलापूरच्या जुन्या बाजारातला, चारशे रुपयांचा. त्याची फिल्म आता कुणी बनवत नाही. मुदत संपलेलं पाकीट ऑनलाइन आठ-नऊ हजारांना. जळायला एवढं पुरेसं होतं.

धाराशिवच्या एका पासपोर्ट फोटोवाल्यानं सुचवलं, "सोनारीला जत्रेत फोटो काढणारे अण्णा होते. बघा विचारून." मृणालला 'मावशीकडं चाललेय' असं सांगून रविवारी सकाळी आमच्या ढोकीहून निघाले.

बार्शीपर्यंत एसटी, आम्हा बायकांना अर्धं तिकीट. उसाचा हंगाम असेल तर तासभर आधी निघा. आमची गाडी ट्रॅक्टरमागं रांगतच होती. बार्शीहून परांडा, तिथून जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही. सोनारीत उतरल्यावर खाऊची पिशवी लपवा. माझी भाकरी भैरवनाथाच्या देवळासमोरच एका माकडानं नेली.

अण्णा अंगणातच भेटले. कॅमेरा पाहताच हसले.

"हे कुठं घावलं तुला?"

"बाजारात. अण्णा, फिल्म हाय का तुमच्याकडं?"

"हाय की. थंडाव्यात टिकती ती. फ्रिज न्हाय, पर रांजण हाय."

रांजणाखालची ओली वाळू उकरून त्यांनी प्लॅस्टिकात गुंडाळलेली दोन पाकिटं काढली. एक पुन्हा पुरलं.

"दोन्ही द्या ना."

"एकाला एकच. दुसरं दुसऱ्या येड्याला."

तीनशे रुपये घेतले आणि शिकवलंही. फोटो घेतला की कॅमेऱ्यातून कागद सरळ ओढायचा, थंडी असली तर काखेत धरायचा, मिनिटभर मोजायचं आणि केळ्यागत सोलायचा.

पाकिटातल्या दहापैकी नऊ फोटो वाया गेले. काही काळे, काही कोरे, एकावर नुसती माकडाची शेपटी. दहावा आईसाठी राखला होता.

घरी आई आधार कार्डाला बसावं तशी बसली. "हस की," म्हटलं, तर ओठ आणखीच मिटले. मी कागद ओढला. थंडी होती म्हणून तिच्याच काखेत दिला. ती मोजायला लागली आणि वीसवरच खदाखदा हसत सुटली, "आगं, गुदगुल्या हुत्यात! आंबा पिकवायलीस का फोटू?"

ते हसू टिपायला फिल्म उरली नव्हती. सोललेल्या फोटोत आई पिवळसर, पुसट आणि भयंकर गंभीर आहे.

शोकेसमध्ये अजून मृणालचाच फोटो आहे. माझा आईनं मोबाइलच्या कव्हरमध्ये घातलाय. विहिरीवर, दळणाला, जाईल तिथं काढून दाखवते, "पोरीनं काढलाय. म्या काखेत पिकवलाय."

मागच्या आठवड्यात तिनं तो मृणाललाही दाखवला. मृणालनं तो उजेडाकडं धरला. मग म्हणाली, "असे रंग माझ्या कॅमेऱ्यात येतच नाहीत गं. कुठं मिळाली फिल्म?"

"सोलापूरला," मी म्हणाले. लई बरं वाटलं, आणि रात्रभर झोप लागली नाही.

तुम्हीही अशी फिल्म शोधत असाल, तर ऑनलाइनच्या आधी तालुक्यातले जुने पासपोर्ट स्टुडिओ आणि जत्रेतले फोटोवाले गाठा. सोनारीचं मात्र सोडा, ते पाकीट मी एकीसाठी राखलंय.

मृणाल, वाचते आहेस ना? अण्णांच्या रांजणाखाली एक उरलंय. कॅमेरा माझा ने. फक्त आईचा फोटो काढू नकोस.