एका पुस्तकाची बाजू घेऊन चंदगडपर्यंत

बडनेरा स्टेशनवर महाराष्ट्र एक्स्प्रेसची वाट पाहत उभी होते, तेव्हा सोडायला आलेल्या धाकट्या बहिणीने शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "जिला तू कधी पाहिलंही नाहीस, तिच्या पुस्तकासाठी एवढ्या लांब निघालीस? ओळख ना पाळख!"

ओळख होती, पण फोनवरची. वर्षभरापूर्वी आमच्या अमरावतीच्या वाचक मंडळात शालनताईंचं 'फॅट किती लागली?' हे पुस्तक माझ्या हाती पडलं. दूध डेअरीत रोज घरोघरच्या बायका हा प्रश्न विचारतात, कारण दुधात फॅट किती, यावर त्याचा दर ठरतो. शालनताई गारगोटीजवळच्या एका गावात बायकांच्या दूध संस्थेच्या सचिव होत्या. तिथल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांवर त्यांनी लिहिलं होतं. मी वाचून काढलं, पुस्तकातल्या नंबरावर फोन केला आणि मग आमचं बोलणं सुरूच राहिलं.

गेल्या महिन्यात मात्र त्यांचा आवाज बसलेला वाटला. "ताई, प्रकाशन झालं, हार झाले, फोटो झाले. आता गठ्ठे माडीवर पडल्यात. प्रकाशक म्हणतोय, हे हलल्याबिगर दुसऱ्याचं नाव काढू नका. मी आता लिवणार न्हाय. बास झालं." दुसऱ्या पुस्तकाची निम्मी पानं त्यांनी मला फोनवर वाचून दाखवली होती. ती तशीच राहू द्यायची नाहीत, असं मी मनाशी ठरवलं आणि तिकीट काढलं.

मिरज गेलं आणि खिडकीबाहेर उसाशिवाय काही दिसेना. ऑगस्टचे दिवस. रुकडीच्या पुलावरून पंचगंगा पाहिली. गढूळ, फुगलेली, काठावरची झाडं कमरेपर्यंत पाण्यात. आमच्या वऱ्हाडात एवढं पाणी एका जागी पाहायची डोळ्यांना सवय नाही.

कोल्हापुरात उतरले, एका टपरीवर कटवडा खाल्ला (रश्शात बुडवलेला वडा, इकडे रश्शाला कट म्हणतात), डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलं आणि तडक एका पुस्तकांच्या दुकानात शिरले. बरंच शोधल्यावर मागच्या फळीवर शालनताईंचं पुस्तक मिळालं. एकच प्रत, तीही धूळ खात. मी इकडेतिकडे पाहिलं आणि ती उचलून दर्शनी टेबलावर, दुसऱ्या एका पुस्तकावर ठेवली.

"पावणं," गल्ल्यावरून आवाज आला, "त्या खालच्या लेखकाचं पण पहिलंच पुस्तक हाय की."

कान गरम झाले. मी प्रत उचलली आणि कबूल केलं, की हे पुस्तक मला फार आवडलंय, लोकांना दिसावं म्हणून असं केलं.

दुकानदार हसले. साठीचे, जाड भिंगाचा चष्मा. "मग सरळ मागा की. लेखक स्वतः येतात, माझं ठेवा म्हणतात. ठेवतो आम्ही. पण गिऱ्हाईक येऊन नावानिशी मागतंय, असं झालं की आम्ही मागवतो. तुम्ही मागायला लागलाय का?"

"मागते. ही प्रत घेते, आणि माझ्या एका मैत्रिणीसाठी अजून एक हवी आहे. मागवाल?"

"मागवतो. आणि मैत्रिणीला सांगा, तिनं तिच्या गावातल्या दुकानात मागावं. तिथला बी मागवंल."

एवढी साधी गोष्ट. वर्षभर मी शालनताईंना फोनवर 'छान, छान' म्हणत होते, पण अमरावतीच्या एकाही दुकानात जाऊन त्यांचं नाव घेतलं नव्हतं.

दुपारच्या एसटीने गारगोटीच्या अलीकडच्या त्यांच्या गावी पोचले. फाट्यावर शालनताई आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणतो, छत्री घेऊन उभे होते. शालनताई माझ्या कल्पनेपेक्षा ठेंगण्या निघाल्या. "मी तुमच्यासाठी माडगं करून आलोय," त्या म्हणाल्या. (माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाचं गरम पेय. आणि इकडे बायकाही 'मी आलो', 'मी गेलो' असंच म्हणतात. पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हा मला चुकीचा नंबर लागला असं वाटलं होतं.)

माडगं पोटात गेल्यावर प्रवासाचा शीण उतरला. माडीवर गेले तर पुस्तकांचे गठ्ठे भाताच्या पोत्यांशेजारी रचलेले. मी विचारलं, गावात कुणी वाचलं?

"नेलं सगळ्यांनी," शालनताई म्हणाल्या. "घरी आलेल्या पाहुण्याला नारळ देतो तसं देतोय. वाचलं कुणी, ते ठाऊक न्हाय."

संध्याकाळी त्यांचे चुलतदीर आण्णा आले. पांढरी टोपी, दणकट आवाज. बसल्या बसल्या म्हणाले, "वैनी, परवा आमच्याकडं वास्तुशांत हाय. पुस्तकाचा एक गठ्ठा द्या. पावण्यांस्नी वाटतो. तुमचं बी नाव हुतंय."

शालनताई गठ्ठा आणायला उठल्याच. मला राहवलं नाही. "आण्णा, आपण वाचलंत का हो पुस्तक?"

"मी कशाला वाचू? घरचंच हाय की!"

मी हात जोडून, शक्य तेवढ्या नरमाईने म्हणाले, "आपण हे विकत घेऊन वाटलंत तर पाहुणेही मान ठेवून वाचतील. ताईंनी त्यात बरीच वर्षं घातली आहेत."

आण्णांनी तात्यांकडे पाहिलं. "ह्या बाई कोण म्हणायच्या?" कुणी उत्तर देण्याआधीच त्यांनी टोपी सारखी केली आणि ते चहा न घेता निघून गेले.

स्वयंपाकघरात शालनताई भाकरी थापत होत्या, जरा जोरातच. "ताई, तुम्ही जाणार. मला हितं ऱ्हायचं हाय. त्यांच्या दारावरनं रोज जावं लागतंय मला."

मी खरं तेच बोलले होते, पण त्यांच्या तोंडून बोलल्यासारखं बोलले होते, आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागणार होती. खर्डा-भाकरी समोर आली तरी मी भाकरीचे तुकडेच करत बसले. तात्या मात्र शांतपणे जेवत होते. जेवण आटोपल्यावर म्हणाले, "आण्णा रुसतोय आणि येतोय. पण पावणं, तुम्हाला बोलायचं तर तुमचं बोला. हिचं हिला बोलू द्या."

तेव्हापासून मी तेच पाळायचं ठरवलं. एक वाचक म्हणून जे वाटतं ते एकदा सांगायचं, आणि बाजूला व्हायचं.

सकाळी धार काढून, दूध संस्थेत घालून आम्ही तिघं निघालो. चंदगडला एका शिक्षिकेने वाचकांची बैठक ठेवली होती. शालनताईंना बोलावलं होतं आणि त्या जायचं नाही म्हणत होत्या. "चार माणसं येणार. त्यापायी एवढा प्रवास?" मी एवढंच म्हणाले, "मी तर जाणार आहे. मला ऐकायचंय." मग त्यांनी पायताण घातलं आणि तात्यांनी पुस्तकांचं एक खोकं उचललं.

वाटेत गारगोटीत बस बदलायची होती. हाताशी थोडा वेळ होता म्हणून मी तिथल्या ग्रंथालयात डोकावले आणि ताईंचं पुस्तक मागवाल का, असं विचारलं. ग्रंथपाल मॅडमनी नियम सांगितला, की पुस्तकाची मागणी सभासदाने करायची, बाहेरगावच्या माणसाला करता येत नाही. मी आभार मानून वळले, तर मागे तात्या उभे. ते रोज पेपर वाचायला तिथेच येतात, सभासद आहेत, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"नवऱ्यानं मागितलेलं चालतंय का?" त्यांनी विचारलं.

"सभासद हाय न्हवं तुम्ही? मग चालतंय की."

"एवढे दिवस लाज वाटली," तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले. "बायकोचं पुस्तक आपणच कसं मागायचं म्हणून." पावसात छत्री धरून बाहेर उभ्या असलेल्या शालनताईंना यातलं काहीच कळलं नाही.

गडहिंग्लज सोडलं आणि पाऊस वाढत गेला. चंदगडच्या एसटीची एक खिडकी लागत नव्हती, आणि छतातून ठिबकणारं पाणी नेमकं पुस्तकांच्या खोक्यावर पडत होतं. मी खोकं मांडीवर घेतलं, तात्यांनी आपला रेनकोट काढून त्यावर टाकला. बाहेर भाताची खाचरं काठोकाठ भरलेली, मध्येच काजूची बुटकी झाडं, आणि डोंगर असूनही दिसत नव्हते. उतरलो तेव्हा तात्या चिंब आणि वरच्या तीन-चार प्रतींचे कोपरे फुगलेले.

शाळेच्या एका वर्गात बैठक होती. त्या पावसात आलेल्या माणसांसाठी दोन बाक पुरले. बहुतेक बायका, त्यातल्या निम्म्या दूध घालणाऱ्या. ज्यांनी बोलावलं होतं त्या शिक्षिकेला सगळे अक्का म्हणत होते. इकडे कर्नाटकच्या सीमेजवळ थोरल्या बहिणीला हाच शब्द. अक्कांचं बोलणं सरळसोट. त्यांनी एकच प्रत विकत घेतली होती आणि ती या सगळ्या बायकांमध्ये फिरली होती. पानापानावर पिठाची, चहाची बोटं उमटलेली.

"पुस्तक चांगलं हाय," अक्का म्हणाल्या. "रांगेतली भांडणं वाचून आम्ही पोट धरून हसलो. पण शालनताई, राग मानू नका, शेवटची प्रकरणं तुम्ही उरकलाय. तुमच्या सासूबाई अर्ध्या पुस्तकात हायत आणि मग एकदम नाहीशाच हुत्यात. का?"

माझ्या ओठावर आलं होतं, की लेखिकेला आल्या आल्या असं विचारू नये. मी जीभ आवरली. आदल्या संध्याकाळचं ताजं होतं.

शालनताईंनी पदर सारखा केला.

"व्हय. उरकलंय," त्या म्हणाल्या. "लिवायला भ्यालो मी." आणि मग खाली बघून सांगू लागल्या. सचिव झाल्या त्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी किटलीत पाणी घातलं होतं. वैरण नव्हती, म्हैस आटलेली, घरात ओढाताण. यंत्रावर फॅट लागली नाही. मागे सगळा गाव रांगेत. "दुसरी कुणी असती तर मी दूध परत केलं असतं. म्हणून त्यांचं पण केलं. किटली घेऊन गेल्या त्या. पुन्हा माझ्याशी कधी बोलल्या न्हाईत. एका घरात राहून न्हाईत. गेल्या तवा पण पाणी तात्यांच्याच हातनं घेतलं."

मी वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर तात्या ओल्या कपड्यांत बसले होते.

एक म्हातारी बाई पुढे वाकली. "मग हे लिवा की, बाई. आमच्या घरात बी असलं झालंय. कुणी लिवत न्हाय."

"त्यांची बदनामी हुईल," शालनताई म्हणाल्या.

मागून तात्यांचा आवाज आला. "आईनं पाणी का घातलं, ते पण लिही. मग बदनामी न्हाय हुणार."

शालनताई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटतं, या गोष्टीवर ते दोघं पहिल्यांदाच बोलत होते, आणि तेही परक्या गावात, अनोळखी बायकांसमोर. नंतर अक्कांनी चहा आणला. फुगलेल्या कोपऱ्यांच्या प्रतीसुद्धा बायकांनी दोघीत एक अशा विकत घेतल्या, एकीने तर तसलीच मागितली, "भिजलेलीच द्या, तशी बी आमच्या घरात भिजणार हाय."

परतीच्या दिवशी शालनताई मला कोल्हापूर स्टेशनपर्यंत सोडायला आल्या. गाडी फलाटावर लागली होती, सुटायला अवकाश होता. त्यांनी अचानक विचारलं, "ताई, खरं सांगा. माझं पुस्तक वाचताना तुम्हाला कंटाळा कुठं आला?"

"कुठेच नाही," तोंडातून सवयीने निघालं. त्या बघत राहिल्या. मग मी सांगितलं. "संस्थेच्या निवडणुकीचं प्रकरण. मी पानं उलटून पुढे गेले."

"वर्सभर का न्हाय बोललात?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलंच की आता. पण बसा, नीट सांगा. कुठल्या पानावर सुटलं?"

आम्ही बाकावर बसलो आणि मी सांगत राहिले. कधी त्या भांडल्या, कधी गप्प बसल्या. गार्डाची शिट्टी झाली तेव्हा धावत डब्यात चढले, आणि हातकणंगले जाईपर्यंत फोनवर आमचं तेच चाललं होतं.

अमरावतीला आल्यावर मंडळातल्या सगळ्यांनी विचारलं, त्या बाईंच्या पुस्तकासाठी आपण काय करू शकतो? मी म्हटलं, आपल्या दुकानात जाऊन मागा, ग्रंथालयात मागा, फुकट मात्र मागू नका. वाचून झाल्यावर दुसऱ्या कुणाला एकदा सांगा, त्याने नाही घेतलं तर पुन्हा त्याच्या मागे लागू नका. आणि त्यांना कळवायचं असेल तर आवडलेलं कळवा, न आवडलेलंही कळवा. लेखकाला आपल्या दयेची गरज नसते, त्याला वाचक हवा असतो. हे कळायला मला चंदगडपर्यंत जावं लागलं.

शालनताई आता सकाळची धार झाली की माडीवर लिहायला बसतात, असं तात्यांकडून कळलं. दुसऱ्या पुस्तकातल्या सासूबाईंच्या प्रकरणाशी त्या झगडत आहेत म्हणे. पुढे काय झालं हे विचारायला माझा हात रोज फोनकडे जातो. मग तात्यांचं बोलणं आठवून मी फोन लांब ठेवते.