दादाची नजर शाबूत होती

माझ्या दादाची नजर गेली नव्हती.

ती अफवा आहे. आणि ती पसरवणारा पहिला माणूस मी.

आज दादाला जाऊन वर्ष झालं. सकाळी मुकुंदवाडीच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली. मग दादाचे कंपनीतले एक जुने सहकारी बोलायला उठले. म्हणाले, "काय हात होता! पण शेवटी नजरेनं दगा दिला बिचाऱ्याला."

सगळ्यांनी माना हलवल्या.

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी सतरंजीकडं बघत बसलो.

चार माणसांत उठून बोलायची हिंमत झाली नाही. म्हणून आता इथं लिहितोय.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. वाळूजच्या एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं फिटर. त्याच्या पगारावर मी इंजिनिअर झालो. हे तुम्हाला माहीत आहे, कारण मीच प्रत्येक सत्काराला सांगत फिरतो. टाळ्या पडतात ना.

कंपनीनं घरी बसवलं तेव्हा दादा म्हणाला, "घरामागं शेड हाय. टेबलावर बसवायचं एक ड्रिल मशीन टाकतो. जॉबवर्क मिळंल. कुणापुढं हात पसरायला नको."

मग दोन महिने त्याचा एकच धंदा. औरंगपुऱ्यापासून मोंढ्यापर्यंत दुकानं पालथी घालायची. दुकानदार मोटरची पॉवर सांगायचा, स्पीड सांगायचा. दादा गुमान ऐकायचा, हँडल खाली ओढायचा, आणि चक, म्हणजे ड्रिलचा बिट पकडणारा जबडा, चिमटीत धरून हलवायचा. लहान पोराचा दुधाचा दात बघावा तसा.

"दात हलतो का बघायचं," मला सांगायचा. "हलला की सोडून द्यायचं. मग मशीन सोन्याचं का असंना."

स्वस्तातल्या नव्या मशीनचे दात हलायचे. ज्यांचे हलत नव्हते ती परवडत नव्हती. शेवटी चिकलठाण्याला एका बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये जुनं, जडशीळ ओतीव बिडाचं मशीन सापडलं. गंजलेलं, मोटर जळालेली. पण दात पक्का. मालक म्हणाला, "ले जाव दादा, तुमारे से क्या भाव करना."

दादा इतका खूश की घरी येऊन दोनदा चहा प्यायला.

आणि मी काय म्हणालो?

"भंगार कशाला आणतोस दादा? मी नवं मागवतो."

"मला एकदा बघू तर दे."

"आता दुकानात जाऊन कोण बघतं? साडेचार स्टार आहेत त्याला!"

"स्टार काय होल पाडतेत का?"

मी हसलो. लई हसलो. आणि तिथल्या तिथं मोबाइलवर ऑर्डर टाकली.

मशीन आलं. हिरवंगार, चकचकीत. दादाला शेजारी उभं केलं, फोटो काढला आणि इथंच, याच प्रोफाइलवर टाकला. 'ज्या हातांनी मला घडवलं, त्या हातांना छोटीशी भेट.' आज ते वाक्य वाचून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तेव्हा मी लाईक बघत बसलो होतो.

"कसंय?" मी विचारलं.

"लई भारी," दादा म्हणाला.

पहिलं काम आलं. लोखंडी पट्ट्या, एकेकीला चार होल. सगळा माल परत आला. होल जागेवर नव्हते. दुसऱ्यांदाही तेच. आख्ख्या कंपनीत ज्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, त्याचा माल!

काम देणाऱ्यानं विचारलं, "दादा, असं कसं झालं?"

दादा म्हणाला, "डोळ्याला नीट दिसत नाय आता."

मी त्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबर बरोबर आहे, नजर उत्तम.

बाहेर येऊन मी म्हणालो, "डॉक्टरला काय कळतंय? वय झालं दादा. सोड आता."

त्यानं चष्मा पुसून परत घातला.

मग मी नातेवाइकांत, मित्रांत, त्याच्या कंपनीवाल्यांत, सगळीकडं सांगितलं. एकदम काळजीच्या आवाजात. "दादाची नजर गेली हो."

त्यानंतर त्याला कुणी काम दिलं नाही. शेडमध्ये नुसता बसून असायचा. मी गेलो की म्हणायचो, "चालव ना जरा मशीन." म्हणायचा, "लाइट नाय."

डोक्यावर पंखा फिरत असायचा.

मग छातीत दुखायचं निमित्त झालं अन् गेला.

मागच्या महिन्यात मशीन विकायला काढलं. बिडकीनहून एक जण बघायला आला. मी मोटर, स्पीड, सगळं घडाघडा सांगत होतो. त्यानं हँडल खाली ओढलं, चक चिमटीत धरला, हलवला.

टक टक.

"साहेब, ह्याच्यानं होल जागेवर पडायचं नाय," म्हणाला आणि हात पुसून निघून गेला. अर्ध्या मिनिटाचं काम.

मी वहिनीला विचारलं, "दादाला माहीत होतं?"

"खोकं उघडलं त्याच दिवशी."

"मग बोलला का नाही? परत केलं असतं. ते चिकलठाण्याचं घेतलं असतं!"

"तुम्ही फोटो टाकला होता ना भाऊजी. सगळ्या दुनियेनं बघितला. ते म्हणाले, आता दुसरं आणलं तर तो तोंडघशी पडंल."

मग पदरानं मशीनवरची धूळ पुसत म्हणाली, "तुमची इज्जत राहिली. त्यांची गेली."

तर ज्यांना ज्यांना मी सांगितलं होतं, त्या सगळ्यांनी ऐका. दादाच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. मशीन खराब होतं. ते मी आणलं होतं, न बघता, त्याला बघू न देता.

तो फोटो मी डिलीट केलेला नाही. खाली जाऊन बघा. मी दात काढून कॅमेऱ्याकडं बघतोय.

दादा बघत नाहीये. त्याची चिमूट चकवर आहे.

तेव्हा मला वाटलं, मशीनवरून मायेनं हात फिरवतोय.

माफ कर म्हणायचं तोंड नाही मला.

जयभीम, दादा.