मुठीला मूठ

"पहले तू उठा," असं म्हणत आंटी कापडी बटवा माझ्या स्टीलच्या ताटात उलटा करायच्या. दारातून आल्यावर पाणी, ख्यालीखुशाली, काहीही व्हायच्या आधी मणी ताटात. मग मी माझा डबा दुसऱ्या ताटात रिकामा करायची. त्यांच्या मण्यांतली मूठ मला, माझ्यातली त्यांना. पण निवडायचा पहिला मान माझा. "बाद में बोलना नहीं, आंटीने चांगले चांगले ठेवून घेतले."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. सौदा करतात, पण घासाघीस स्वतःशीच. एखादा मणी टवका उडालेला निघाला की त्या स्वतःच तो बाजूला काढायच्या आणि बदल्यात दोन टाकायच्या.

आमची ओळख उल्हासनगरच्या बाजारात झाली. मण्यांच्या दुकानात फिरोजी मण्यांचा एकच सर उरला होता आणि त्याची दोन टोकं आम्हा दोघींच्या हातात होती. मी भांडायच्या तयारीत होते. आंटींनी शांतपणे दुकानदाराकडे कात्री मागितली. अर्धा सर माझ्या पिशवीत टाकला आणि विचारलं, घरी काय काय पडलंय, बदली करणार का?

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी त्या रिक्षाने अंबरनाथला माझ्याकडे यायला लागल्या. मी मोरिवलीच्या अलीकडे राहते. यजमान एमआयडीसीतल्या कंपनीत होते, ते गेले. मुलगा बेंगळुरूला. कामगारांच्या रिक्षा एकदा गेल्या की आमच्या जिन्यात मांजरसुद्धा फिरकत नाही. त्यामुळे गुरुवारी मी सकाळपासूनच ताटं पुसून ठेवायची. आम्ही माळा ओवायचो, कानातली करायचो आणि मधूनमधून एकमेकींच्या रंगांना नावं ठेवायचो. माझे रंग त्यांना उपासाचे वाटायचे. त्यांचे मला वरातीचे.

एकदा त्यांच्या हिरव्या मण्यांत मला दोन मूग सापडले. त्या गेल्यावर मी एकटीच पोट धरून हसले. डाळ निवडता निवडता मणी निवडले असतील, दुसरं काय. पुढच्या खेपेला काळ्या बारीक मण्यांत मोहरी आली. एक दाणा मी सुईत घालायला गेले, तो बिचारा फुटला. मग हसू आलं नाही. मोठ्या भोकाचेच मणी त्या का मागत होत्या, सुई हल्ली माझ्याच हातात का देत होत्या, ते सगळं एकदम कळलं.

मी बोलले नाही. खरं सांगते, मला मण्यांपेक्षा गुरुवार हवा होता. त्या गेल्या की ताट घेऊन बसायचं, मूग वेगळे करायचे, संपलं.

पण एका गुरुवारी त्यांच्यासमोरच माझा हात एका मुगाकडे गेला.

"क्या निकाला?"

"फुटका मणी," मी म्हटलं.

त्यांनी तळहात पुढे केला. नाइलाजाने मी तो त्यावर ठेवला. त्यांनी बोटाने फिरवून पाहिला, दाताखाली धरला आणि चावला.

"मूग है," त्या म्हणाल्या. चहा तसाच ठेवून उठल्या.

पुढचा गुरुवार गेला, त्याच्या पुढचाही. फोन केला तर त्यांच्या सुनेने उचलला. मम्मी आता बाहेर जात नाहीत, एवढंच म्हणाली. मग मीच उल्हासनगरला गेले. आंटी पलंगावर बसल्या होत्या, हात मांडीवर रिकामे. ते हात मी रिकामे कधी पाहिलेच नव्हते. नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, ओवू नका, नुसत्या येऊन बसा. त्या मान हलवत राहिल्या.

"बदली में खोटा माल नहीं चलता, बेटा. मालूम होके तो बिलकुल नहीं."

"आंटी, मला मूग चालतील. तुम्ही या."

त्या हसल्या. खूप वेळ हसल्या आणि मग ओढणीने डोळे पुसले.

"तुला चालतील. मेरे को नहीं चलेंगे."

दिवाळीनंतर त्यांच्या मुलाने इंदूरला बिऱ्हाड हलवलं, त्याही गेल्या. मी अधूनमधून फोन करते. त्या फार बोलत नाहीत. बनवतेस ना, एवढं विचारतात. मी हो म्हणते.

बनवते. पूर्वी माझ्या प्रत्येक माळेत त्यांचा एखादा पोपटी नाहीतर राणी रंगाचा मणी मध्येच उठून दिसायचा आणि मला तो खटकायचा. परवा वरच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या सुनेने माझ्या गळ्यातली माळ हातात धरून पाहिली. सगळं कसं एकसारखं जुळून आलंय, एकही मणी वेगळा नाही, म्हणाली.

"काकू, कुणी केली?"

"मी एकटीनं," मी म्हटलं.